ठेव

दातांच्या डॉक्टरांनी आरसा पुढे धरला.
म्हणाले, झोपेत दळण दळताय तुम्ही,
बघा, दाढा झिजून सपाट झाल्यात.
टेन्शन आहे का काही?
तोंडात कापूस होता. तेवढं उत्तर पुरलं.

आमच्या पतसंस्थेचं शटर आता अर्धंच वर असतं.
काउंटरच्या काचेला एक गोल भोक आहे,
त्यातून रोज साठ-सत्तर तोंडं विचारतात, कधी?
मी म्हणते, पुढच्या महिन्यात.
हे वाक्य मी दोन वर्षं आणि चार महिने म्हणतेय.
चेअरमन पुण्याला मुलाकडे असतात.
काच माझ्याकडे असते.

मग सुरू झालं.
वखारभागातल्या होमिओपॅथीच्या गोळ्या,
साबुदाण्याहून बारीक, चार-चार, जिभेवर,
कॉफी बंद, कच्चा कांदा बंद, कापूरही नको,
म्हणजे देवालासुद्धा उदबत्तीवर भागवून घ्यायला लावलं.
उपाध्येंनी तांब्याचं कडं दिलं. मनगट हिरवं झालं.
नणंदेनं मिरजेहून काट्यांचा लाकडी रूळ आणला,
तळपायाखाली फिरव म्हणाली,
जबड्याची नस तिथंच असते.
असेल.
आमराईत पहाटे हास्यक्लबात गेले,
हात वर करून हा हा हा.
तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा हसता हसता थांबले
आणि म्हणाले, तुम्ही त्या पतसंस्थेतल्या ना?
चौथ्या दिवशी गेले नाही.

शेवटी विश्रामबागेत शिरोधारा.
सात दिवसांचा कोर्स, पैसे आगाऊ.
नोटा मोजताना कुणी बघतंय का, ते आधी बघितलं.
माझा पगार निघतो अजून.

लाकडी टेबल, डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे,
वर टांगलेल्या भांड्यातून कोमट तेल
भुवयांच्या मध्ये, मग डावीकडे, मग उजवीकडे,
पुन्हा डावीकडे.
धार सांभाळणारी बाई पहिले दोन दिवस
एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली,
जबडा सैल ठेवा मॅडम.
मी सैल ठेवला.
मग त्याच आवाजात,
पावती नंबर चारशे बारा.
बेबी आण्णाप्पा मगदूम.
पंचेचाळीस हजार.

डोळ्यांवर बोळे. उठता येत नव्हतं,
तेल कानात गेलं असतं.
वाट बघत पडून राहिले,
आता धार तुटेल,
किंवा एकदम चटका बसेल.
मी तिच्या जागी असते तर
निदान भांड्याला धक्का तरी लागू दिला असता.

धार हलली नाही.
डावीकडे. उजवीकडे.
काल होती तेवढीच जाड, तेवढीच कोमट.

काचेतून तुम्ही वर बघतच नाही, ती म्हणाली,
म्हणून ओळखलं नसेल.

माझं तोंड उघडलं.
ते वाक्य यायला निघालंच होतं,
वाटेत तेलाचा थेंब ओठावर आला,
तिळाचं, जरा कडसर.
मला माहीत नाही, मी म्हणाले.
मलाही कुणी काही सांगत नाही.

ती हूं म्हणाली.
भांडं बोटभर सरकवलं.
मान वळवू नका.

त्या रात्री झोप लागली नाही.
दातही वाजले नाहीत,
कारण मी जागीच होते.

सकाळी दोनदा शिकेकाई लावूनही केसांना वास तसाच.
काचेच्या भोकाशी पहिलं तोंड आलं.
मी वर बघितलं.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
दाढीचे खुंट पांढरे,
हनुवटीवर ब्लेड लागलेलं ताजं.
इतक्या महिन्यांत मी यांना
फक्त पासबुकावरच्या बोटांनी ओळखत होते.

कधी, ते म्हणाले.

कोर्सचे अजून चार दिवस आहेत.
जावं की नाही, ठरत नाही.
भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही,
असं तिथं भिंतीवर लिहिलंय,
लाल अक्षरात, आमच्यासारखंच.