हललेला हात

पहाटे, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी निघण्याआधी,
मी हौसाक्कांच्या गोठ्यातल्या मोरीची माती खरवडतो.
खरवडतो, हो. मुलगीच आहे मी,
पण इकडच्या आम्ही पोरी अशाच, आलो, गेलो, जेवलो.
आमच्या मॅडम पुण्याच्या. अजून दचकतात.

"काय गं घावतंय त्या घाणीत?"
म्हटलं, एक जीव आहे आक्का,
मुतातल्या युरियावर जगतो.
"मग सुनेपेक्षा बरा. तिला वास बी सोसंना."

विद्यापीठात, मोरांच्या आरडाओरड्यात,
त्या जिवाच्या पोटातलं एक प्रथिन मी वेगळं केलं.
एकच लांब धागा, घड्या पडून पडून
त्याची दालनं झालेली.
एका दालनात एटीपी मोजून कार्बन चढवतात,
दुसऱ्यात तो युरियावर ठेवतात,
आणि मधे ये-जा करायला एक लवचिक दांडी,
तिच्या टोकाला बायोटिन.
महाद्वार रोडवर केस गळायच्या गोळ्यांत मिळतं, तेच.
इथनं उचलायचं, तिथं द्यायचं, मोकळं परत यायचं.
मग दुसरं एक एन्झाइम येऊन तुकडे पाडतं,
अमोनिया सुटतो,
सुनेच्या डोळ्यांना पाणी येतं.

तीन वर्षं स्फटिक उगवत बसलो.
पहिले सगळे मिठाचे निघाले.
चौथ्या वर्षी नकाशा आला,
दालनं इतकी स्वच्छ की उंबरे मोजावेत.
दांडी असायची तिथं मात्र
राखाडी धुरकट काहीतरी, म्हणजे काहीच नाही.
मला वाटलं, तुटली. माझ्याच हातनं.
मॅडम म्हणाल्या, "तुटली नाही, यशोधरा.
ती एका जागी थांबत नाही,
म्हणून दिसत नाही."

त्या रात्री फोनमधला एक जुना फोटो सापडला.
म्हैस स्पष्ट. शिंगांचा लाल रंग स्पष्ट.
पेल्याची वाट बघणारा तालमीतला पोरगा,
त्याचा फुटका कान, तोही स्पष्ट.
आणि कासेपासून पेल्यापर्यंत
नुसता एक पांढुरका फराटा.

प्रबंधात तो घालता येत नव्हता.
आक्कांना नेऊन दाखवला.
पदरानं चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिला.
"हात हलला की गं माझा," म्हणाल्या,
"परत काढ.
पर आत्ता नगं,
म्हस खोळंबलीया."