बारा हजार, छोट्या लाइनने

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर
आमची ट्रॅव्हल एजन्सी. मी खिडकीजवळ बसते.
हैबतराव सुर्वे तिकीट काढायला कधीच येत नसत,
चौकशीला येत. दर गुरुवारी. चपला जिन्यात काढून.

"टोरोंटो किती?"
म्हटलं, अहमदाबादहून दोहा, तिथे थांबा,
मिळून साडेतेवीस तास.
"तास नाही विचारले. किलोमीटर."

सरळ रेषेत बारा हजारांच्या आसपास, मी म्हटलं,
आणि भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली.
ते हसले. पिशवीतून मोसंबं काढलं, खिशातून दोरा.
बडोद्यावर अंगठा, टोरोंटोवर करंगळी,
दोरा ताणला तर पश्चिमेला जायचं सोडून
वर चढला, पार बर्फावरून.
"पट्टी सपाट असते, पोरी. मोसंबं नसतं."

अठ्ठावीस वर्षं ते छोट्या लाइनवर गार्ड.
प्रतापनगर, केलणपूर, थुवावी, डभोई.
ताशी वीस. उतारावर बावीस.
रुळावर म्हशी असल्या तर शून्य.
त्या हिशेबाने सहाशे तास, म्हणजे पंचवीस दिवस.
"हं," म्हणाले, "आता बरोबर वाटतंय.
एवढ्या लांब जायचं तर एवढं लागायलाच हवं."

शरयू मंगळवारी पहाटे चारला उडाली
आणि संध्याकाळी पाचला पोचली. मंगळवारीच.
यावरून ते माझ्यावर चिडले,
जणू मधला दिवस मी खिशात घातला.
"डभोईला जाऊन यायचं तर आमचा वार मोडायचा!"

मग त्यांनी तिला पोचूच दिलं नाही.
एक वही केली, गार्डाची असते तशी.
रोज चारशे ऐंशी किलोमीटर.
पहिल्या रात्री बाडमेरच्या पुढे, वाळूत.
चौथ्या दिवशी समरकंदच्या जवळपास. शेरा: खरबुजं.
आठव्या दिवशी उरल. शेरा: चढण, इंजिनाला पाणी.
फोनवर ती सांगायची, बाबा, इथे गुडघाभर बर्फ पडलंय.
हे म्हणायचे, तुला कुठलं बर्फ दिसतंय,
तू अजून नॉर्वेच्या वर आहेस.
तिथेही बर्फच असतं की, बाबा.
यावर थोडं थांबून, "हो की,"
आणि वहीत दुरुस्ती.

सतराव्या दिवशी ग्रीनलँड. शेरा: वाटेत स्टेशन नाही.
त्या गुरुवारी ते आले नाहीत.
फोन करीन म्हणत होते, राहून गेलं.
कुणाचा तरी व्हिसा अडकला होता.

पंचविसाव्या दिवशी जिना चढून आले, वार शुक्रवार,
हातात लिल्या चिवड्याची पिशवी,
डोळ्यांना जागरण.
"पोचली," म्हणाले. "पाच मिनिटं लेट."

चिवडा कागदावर ओतला. वही टेबलावर उघडीच होती.
शेवटच्या ओळीत शेरा नव्हता, नुसती सही.
पंख्याने पान उलटलं.
पलीकडे रकाने आखून ठेवलेले, उलट्या दिशेचे,
टोरोंटोपासून खाली थेट प्रतापनगरपर्यंत.
सुटण्याची वेळ कोरी.
त्यांनी पान परत फिरवलं, वर मिठाची पुडी ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला: मॅडम, ऑकलंड किती तास?
सवयीने बोटं कीबोर्डकडे गेली.
म्हटलं, कशाने जाणार?