सायीखाली

पेले धुण्याचं काम माझं.
एप्रिल ते ऑक्टोबर, सकाळी दहाची बस, दुपारी तीनची,
शनिवारी आणखी एक, बेल्जियमच्या निवृत्त शिक्षकांची.
पुढे ओदिल, हातात टॉर्च,
मागे पंचवीस जोडी बूट,
अठ्ठावीस पायऱ्या उतरून तळघरात.

तिचं बोलणं मला तोंडपाठ आहे.
इथे ज्युरात, ती म्हणते, हे पिंप भरलं की पुन्हा भरत नाहीत.
पातळी उतरू देतात. वर जागा होते.
मग दुधावर धरावी तशी वाइनवर साय धरते,
पातळ, राखाडी, जिवंत.
ती मोडायची नाही. पिंपाला धक्का लावायचा नाही.
सहा वर्षं आणि तीन महिने.
इथे ती थांबते,
आणि कुणीतरी हमखास म्हणतं, बाप रे.
लिटरभरातले उरतात बासष्ट सेंटीलिटर,
म्हणून आमची बाटलीही बासष्टचीच.
बाकीचं देवदूत पिऊन जातात.
सगळे वर बघतात.
वर काळी बुरशी आणि एक बल्ब.

मग पेला नाकाशी नेऊन ती डोळे मिटते.
हिरवा अक्रोड, म्हणते. मेण.
अगदी शेवटी मेथीदाणे, कढईत नुकते परतलेले.
माना डोलतात,
मेथी कधीच न पाहिलेल्यांच्याही.

ओदिलला वास येत नाही.
तीन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेला तो, परतला नाही.
मालकाला ठाऊक नाही, तिच्या बहिणीला नाही.
मला कळलं, कारण एकदा दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं
आणि ती शेजारीच बसून
शब्दकोड्यातला सात अक्षरी पक्षी शोधत होती.

तेव्हापासून खूण ठरली आमची.
नवं पिंप उघडलं की आधी मी हुंगते.
टॉवेल डाव्या खांद्यावर: ठीक.
उजव्या खांद्यावर: आंबायला लागलंय, त्यांना पुढच्याकडे ने.
बाकीचं ती आठवणीतून काढते,
सत्तेचाळीस वर्षांच्या,
आणि तीही बहुधा दरवर्षी थोडी उतरत असणार.
मी विचारत नाही.

जूनमध्ये एक मुलगी आली, आठ-नऊ वर्षांची,
आजी-आजोबांबरोबर, हातात द्राक्षरसाचा पेला.
अक्रोड झाला, मेण झालं,
मेथीच्या आधीच ती म्हणाली,
पण तुम्ही श्वास घेतलाच नाहीत.

आजी म्हणाली, मारजोलेन, गप्प.
माझा टॉवेल डाव्या खांद्यावर होता, त्याचा काही उपयोग नव्हता.
ओदिल खाली वाकली. गुडघे कटकन वाजले.
बरोबर आहे, म्हणाली. नाही घेतला.
आणि आपला पेला तिच्या नाकाखाली धरून,
तू घे. सांग मला.

मुलीने डोळे मिटले, नाक मुरडलं, पुन्हा हुंगलं.
ओल्या कुत्र्याचा, म्हणाली.
नुसत्या नाही, शेकोटीजवळ बसलेल्या ओल्या कुत्र्याचा.
आणि आजोबांच्या कपाटाचा, खालच्या कप्प्याचा.

सगळे खो खो हसले. आजोबा सगळ्यांत जास्त.
ओदिल हसली नाही.
पुन्हा सांग, म्हणाली,
आणि मुलीने पुन्हा सांगितलं, हळू,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

तीनच्या बसला मी पायऱ्यांवर उभी होते.
हिरवा अक्रोड. मेण.
मेथीदाणे ती विसरली, की टाळले, कोण जाणे.
शेकोटीजवळचं ओलं कुत्रं, ती म्हणाली,
अशा आवाजात की जणू ते तिचंच,
नुकतं ओढ्यातून आलेलं.
मागून एक बाई म्हणाली, हो, अगदी.

संध्याकाळी बस गेली. छत्तीस पेले.
एका पेल्यात बोटभर वाइन कुणीतरी तशीच टाकून दिलेली.
नळ बंद करून मी तो नाकाशी धरला.
अक्रोड होता. मेण होतं. मेथी होती.
कुत्रं काही सापडेना.