पडायचं कसं

आधी हे सांगते : आम्ही कासार, सांगलीचे,
गणपती पेठेच्या मागच्या बोळातले.
वडील कोल्हापुरातनं जुनी रिळं आणायचे, वजनावर.
चाललेली, पडलेली, सगळी एकाच भावानं.
सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवली
की चांदी सोनाराकडं
आणि उरलेली काचेसारखी पट्टी आमच्याकडं.
रंगवायची, वळवायची, चिकटवायची.
बांगड्या. डझनाला दीड आणा.

पट्टी घासायचं काम माझं.
नऊ वर्षांची मी, नखानं माणसं खरवडायची,
राजे, सासवा, एक हत्तीसुद्धा.

एकदा एक पट्टी उन्हाला धरली
तर तिच्यात एक बाई पडत होती.
हातात लाडवांचं ताट, मान ताठ,
पुढच्या चौकटीत पाय कुणाच्या तरी उपरण्यात,
मग ताट वर, बाई आडवी,
लाडू निघाले आपापल्या गावाला.
मी जमीन शोधत खाली खाली गेले
आणि पट्टीच संपली.
दोन दिवस परकराच्या नेफ्यात लपवून ठेवली.
तिसऱ्या दिवशी वडलांनी मोजून मागितली.

बाई म्हणजे मिस कुंतल.
म्हणजे हरिपूरची भागू,
नाटक कंपनीच्या आचाऱ्याची पोर,
पंगतीत वाढताना जिचं तोंड पळीच्या पुढं धावायचं.
कुणीतरी ते ऐकलं आणि स्टुडिओत नेलं, नव्वद रुपयांवर.
नऊ सिनेमे.
एकात भर लग्नातून सायकलवरून पळते,
अंतरपाट कॅरिअरला अडकलेला, मागं अख्खं वऱ्हाड.
एकात बघायला आलेल्या मुलाला नवा स्वयंपाकी समजते
आणि भात करपला म्हणून झापते;
तो बिचारा प्रेमात पडून खरंच तांदूळ धुवायला बसतो.
हिरोचं एक वाक्य होईतो हिची चार व्हायची,
पाचवं तंबूतल्या हशात कुणाला ऐकूच यायचं नाही.

मग मालकांना वाटलं, बाईनं आता रडावं.
सोशिक सून केली.
पाटावर बसून तिनं डोळ्याला पदर लावला मात्र,
तासगावच्या तंबूत पब्लिक हसून लोळलं.
चौथ्या दिवशी पेट्या परत.
ती पण परत. हरिपुरात, चिंचांच्या रस्त्याला,
लग्नामुंजीची जेवणं करून द्यायला लागली.

आमच्याकडं आली ती आषाढात.
आई हात दाबून चुडा भरत होती, मी पेटी धरून.
मनगट बघितलं आणि ओळखलं. ताट धरलेलं ते.
तोंडातनं निघून गेलं :
"ह्या बांगड्यांत तुम्हीच आहात. मी घासलंय तुम्हाला."
आईनं चिमटा काढला.
बाई थांबली. हात उजेडाकडं धरला.
"कुठला सीन गं?"
"तुम्ही पडताय."
"पोरी, मी सगळ्यातच पडते."
आणि हसली, अशी की आईच्या हातातली एक फुटली.
"खाली पोचले का मी?"
"नाही. पट्टी संपली."
"बरं झालं. शिकून ठेव.
पडताना जमिनीकडं बघायचं नाही.
बघितलं की लागतं. लोकांना पण लागतं, मग ते हसत नाहीत."

वडील आतून म्हणाले,
"बाई, चुलीजवळ जपा. हा माल भक्कन पेटतो."
"आचाऱ्याची पोर मी, चुलीपासून लांब जाऊ कुठं?"
दोन डझन घेतल्या. पैसे पूर्ण दिले.

वापरल्या कमी, जपल्या फार.
गेली तेव्हा हातात त्यातल्याच सात होत्या,
नवरा केलाच नव्हता, उतरवणार कोण?
संगमावर भाऊ गेला होता, त्यानं सांगितलं :
लाकडं ओली, धूर नुसता, माणसं कंटाळलेली,
आणि एकदम बांगड्यांनी पेट घेतला.
असा भडका, की भटजी मागं उडाले,
सोग्यात पाय, हातातलं तुपाचं भांडं वर,
आणि बसले कृष्णेच्या चिखलात.
आधी कुणीच हसलं नाही.
मग एक हमाल हसला. मग सगळे.
भाऊ सांगताना शरमेनं लाल झाला होता.

मी एवढंच विचारलं,
भटजी जमिनीकडं बघत होते का?