जवारी

पेठ नाक्याच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉल्या वळतात तिथं
पत्र्याचं एक हॉटेल. नाव सावली.
सावली मात्र दुपारी दोनला फक्त टेबलाखाली.
पोऱ्या म्हणाला, "फॅमिली आत."
आत म्हणजे प्लायवूडचा खण, हिरवा पडदा,
पडद्याच्या काठाला कुणाकुणाच्या हातांचं तेल.
नजमा म्हणाली, "फॅमिली नाही रे, मास्तरीण आहोत,"
आणि रस्त्याकडचं टेबल धरलं.

बत्तीस वर्षं एकाच शाळेत खडू झिजवला दोघींनी.
डबे खाल्ले ते घंटेच्या धाकात,
पोरांच्या मारामारीवर एक डोळा ठेवून.
निरोपाला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं
तेव्हाच ठरलं:
मतदारयाद्या घेऊन जिल्हा फिरून झाला,
आता जेवत फिरायचा.
स्कूटर माझी, पेट्रोल तिचं, हिशोब वहीत.

कवठ्याला शेंगोळी, एक नंबर, पाणी मात्र विकतचं.
आटपाडीत डाळिंबाचा रस, वर साखर.
पुन्हा जाऊ नये.
हरिपूरला संगमावर भडंग,
निम्मं आम्ही खाल्लं, निम्मं वाऱ्यानं.
विट्यात मटणाच्या ताटावर नजमा रडली,
तिखटानं की कशानं, वहीत लिहिलेलं नाही.

मग भाद्रपदात तिला ताप आला.
उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला.
कांदा, रॉकेल, उदबत्ती, नातीची टाळू,
सगळं सारखं. कोरं.
डॉक्टर म्हणाले, येईलही परत.
तीन महिने वही बंद.
शेवटी तिचाच फोन, "स्कूटर गंजेल की गं तुझी."

अख्खा मसूर आला. वाटीच्या काठापर्यंत तर्री.
तिनं घास घेतला, माझ्याकडं पाहिलं.
"सांग."

काय सांगू?
जन्मभर विशेषणं शिकवली मी,
झणझणीत, खमंग, चरचरीत,
रिकाम्या जागा भरून घेतल्या पोरांकडून.
आता एकही हाताला लागेना.
म्हटलं, "दाताखाली आधी नाही म्हणतो, मग ऐकतो.
लसूण जळायच्या जरा आधी उतरवलाय.
तिखट उशिरा येतं, मागच्या बाकावरच्या पोरासारखं,
पण आलं की वर्गभर."
"आणि कांदा?"
"कांदा कांद्यासारखा."
ती हसली, तिला ठसका लागला.
"एवढं कळतं मला," डोळे पुसत म्हणाली,
"तिखटाला नाक लागत नाही."

मग भाकरी उचलली, कानापाशी नेली
आणि कड मोडली.
"अब्बा मिरजेत तंबोरे लावायचे.
घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसायचे तासन् तास,
तार नुसती वाजून भागत नाही, गुणगुणली पाहिजे.
तीच जवारी, म्हणायचे.
आत अम्मी जवारीची भाकरी थापायची.
किती वर्षं मला वाटायचं
दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत."

तिनं दुसरी कड माझ्या कानाशी मोडली.
मला ट्रॉलीचा हॉर्न ऐकू आला,
पोऱ्यानं आपटलेला जग,
आणि मधेच कुठंतरी, बारीक,
वाळक्या पानावर कुणी पाय ठेवावा तसं काहीतरी.
का मला वाटलं तसं. सांगता येत नाही.

"आणखी काय आणू, बाई?"
"भाकरी आण," नजमा म्हणाली, "पण आवाजाची."
तो क्षणभर थांबला,
माझ्या तोंडाकडं बघून अंदाज घेतला,
मग आत ओरडला,
"मावशे, दोन भाकरी,
आवाजाच्या पाहिजेत म्हणं!"

आतून मावशी काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही.
पण थापायचा आवाज सुरू झाला, जरा जोरातच.
नजमानं वही उघडली.
चवीच्या रकान्यावर पेन टेकवून
ऐकत बसली.