दुसरा जुडगा

मरोळच्या ऑफिसात रात्री साडेअकराला
ग्लेंडानं माझा कोड वाचला, म्हणाली,
"यादी कॉपी केलीस, पण उथळ.
जुडगा दुसरा झाला, खोल्या त्याच राहिल्या."

भांडुपच्या चावीवाल्यानं
असाच करून दिला होता आम्हा भावांना:
दार, ग्रिल, कपाट, मीटरची पेटी,
आणि एक, जिचं कुलूप कुणालाच आठवत नाही.
तीही घासून दिली त्यानं इमानानं,
तिचे चाळीस रुपये वेगळे.

मग एका रविवारी उन्मेषनं कपाट रिकामं केलं,
त्याच्या चावीनं.
मी माझ्या चावीनं उघडलं
तर माझंही रिकामं.
सात हँगर. एक डांबरगोळी.

खोल प्रत हवी तर सगळं नव्यानं घडवायचं,
ग्लेंडा सांगत होती,
शर्ट, शर्टाच्या खिशातलं बिल, बिलावरची सही.
"पण जागा फार लागते."
मी हसलो. मुंबईत!

परवा माझ्या जुडग्यात एक चावी वाढली,
नाहूरच्या भाड्याच्या खोलीची.
उन्मेषच्या जुडग्याला तिचा पत्ता नाही.
ती बिनकुलपाची मात्र
अजून दोघांच्याही खिशात वाजते,
कुठल्यातरी एकाच दाराच्या नावानं.