फ्रिजवर लावलेला कागद

यशोधन, किल्ली मीटरच्या पेटीत आहे.
पाण्याचे वाडगे तीन : स्वयंपाकघरात, पलंगाखाली,
एक बाथरूमच्या दाराशी.
मुकादम मात्र चौथ्याच ठिकाणी पितो, गळक्या नळाखाली,
म्हणून तो नळ मी दुरुस्त केलेला नाही.
तूही करू नकोस.

कॅप्टनला पहाटे साडेचारला खाली ने.
आळस केलास तर सातला रस्ता तवा होतो.
शंका आली तर वाक,
हाताची पाठ डांबरावर टेकव, सात आकडे मोज.
पाचावर हात उचललास, तर घरी परत ये.
तो काही सांगणार नाही.
जळक्या पायांनी तुझ्यामागे येईल, शेपूट हलवत.
एवढी एकच वाईट खोड आहे त्याला.

घर्बी सुटली की कळेलच तुला,
भट्टीचं दार उघडावं तसं वाळवंट अंगावर येतं.
त्या दिवशी फिरणं नाही. जिन्याखालची सावली, लघवी, आणि वर.
लिफ्ट बंद असेल तर उचलून आण. तीस किलो आहे.
कमरेचा पट्टा कपाटात, खालच्या खणात.

धापा थांबेनात, हिरड्या विटकरी झाल्या,
लाळ तारेसारखी लोंबायला लागली, तर बर्फ नको.
साधं पाणी ओत, पोटावर, जांघेत, पंजांवर. पंखा लाव.
मग दवाखाना.
टॅक्सीवाला कुत्रा बघून काच वर करेल,
म्हणून साल्मीनला फोन कर, त्याचा पिकअप आहे.
मासळीचा वास येतो. कॅप्टनची हरकत नसते.

त्याचे केस भादरू नकोस, कोणी कितीही सांगो.
उन्हात तीच त्याची छत्री.
मुकादमला रोज विंचर. तो चावेल.

एसी चोवीसवर, दिवसभर.
बिलाचे पैसे पोह्यांच्या डब्यात आहेत, पोह्यांखाली.

जुलैत सगळे ताजे खजूर आणून देतात, प्रेमाने, परातभर.
बिया मोजून उचल.
परवाच्या साली एक कॅप्टनच्या पोटात राहिली,
ती काढायला माझा अर्धा पगार लागला.

ऑगस्टच्या शेवटी साल्मीन तुला पहाटे गच्चीवर नेईल,
दक्षिणेकडे बोट दाखवून म्हणेल, सुहैल.
तो उगवला की पाणी गार होतं म्हणतात इथे.
आपला अगस्तीच तो.
माझे वडील शेणाचे हात धुता धुता ओळखायचे त्याला.
पण ताऱ्याच्या भरवशावर फिरायला जाऊ नकोस.
सप्टेंबरची दमट हवा उन्हाहून वाईट,
आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, यशोधन,
सगळी मदार त्या जिभेवर.

नोव्हेंबर सगळ्यांना आवडतो.
खिडक्या उघडतात, बाल्कनीत खुर्च्या येतात, मस्कत हसायला लागतं,
आणि दवाखान्यात मांजरं येतात
तिसऱ्या मजल्यावरून, पाचव्या मजल्यावरून.
वाईट हवेत आपण दारं लावून बसतो.
चांगल्या हवेत विसरतो.
जाळी मी ठोकली आहे. डावीकडचा खिळा ढिला आहे,
त्याच्याकडे लक्ष असू दे.

डिसेंबरात वाळूत तंबू ठोकायला गेलात तर परतल्यावर
कानांत बघ, बोटांच्या बेचक्यांत बघ, गोचीड.
जानेवारीत कोणाचीही गाडी सुरू होण्याआधी
बॉनेटवर थाप मारायला सांग,
मुकादमचे भाऊबंद आत ऊब शोधत असतात.
लस फेब्रुवारीत. तारीख कार्डावर आहे.

हो, तीन आठवडेच म्हणालो होतो मी.
तिकिटावर परतीची तारीखही आहे.
पण काल कंपनीने पासपोर्टसोबत एक पाकीट दिलं,
जाडसर,
आणि मोठ्या साहेबांनी उठून हात मिळवला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कॅप्टनला मी काही सांगितलेलं नाही.
बॅग भरताना तो तिच्यावरच झोपला होता,
कपडे झटकू नकोस म्हणून मीच स्वतःला बजावलं.

कागद उलट.
मार्चपासूनचं मागे लिहिलं आहे.